खडक दोन बोटं डावीकडे

डॉन मेलितोन ओर्दास सप्टेंबरात यायचे,
माद्रिदहून सेगोव्हियापर्यंत टपालगाडीने,
पुढे माझ्या खेचरावर.
म्हणजे खेचरावर त्यांची पेटी.
ते स्वतः चालायचे, आणि चढावर छाती भरून आली की
काठी रोवून म्हणायचे,
"थांब सेलेदोनियो, हा उजेड बघ."
दम्याला त्यांनी उजेड असं नाव ठेवलं होतं.

दुरून डोंगर साजरे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं.
डोंगराच्या मांडीवरच बसायचे जाऊन,
दगडफुलाचे डाग निरखत,
राखी, गंजका, वाळल्या वाटाण्याचा.
पहाटेच्या गारठ्यात जवसाचं तेल थिजायचं,
बाटली काखेत धरून ऊब द्यायची, हे माझं काम.
बायको म्हणायची, लग्न असो की मयत,
तुझ्या अंगाला त्या रंगाऱ्याचाच वास.

प्रदर्शनात म्हणे लोक विचारायचे,
एवढे दगड, एवढं आभाळ,
माणसं कुठायत?
ते सांगायचे,
"आहे एकजण. चौकटीबाहेर उभा आहे, बाटली धरून."

एका वर्षी त्यांनी 'म्हातारीची दाढ' काढायला घेतली.
आमच्या पेन्यारासाचं कुरण त्या खडकापर्यंत,
पलीकडे रोब्लेदियाची मेंढरं.
खडकाच्या मागे, त्यांच्या अंगाला, झरा.
एक डोळा मिटून, अंगठा वर धरून
डॉन मेलितोन बराच वेळ कुरकुरले,
"ही दाढ पाण्याच्या आड येतेय."
मग कुंचल्याने तिला अलगद
दोन बोटं डावीकडे सरकवलं.
झरा मोकळा झाला, उजव्या बाजूला लकाकला.
मी पाहिलं. बोललो नाही.
चित्र त्यांचं, खडक देवाचा,
माझं फक्त खेचर.

सहा वर्षांनी ढगफुटीत दाढ उपटली गेली,
आणि दुसऱ्या दिवसापासून
दोन्ही गावांना हद्द आठवेनाशी झाली.
काठ्या निघाल्या. एका पोराचा डोळा गेला.
आमच्या वकिलाने शोध काढला,
चित्र एका साखरेच्या व्यापाऱ्याच्या जेवणघरात होतं.
घोंगडीत गुंडाळून ते कोर्टात आलं,
साक्षीदारासारखं उभं केलं भिंतीला टेकून.
न्यायाधीशांनी चष्मा पुसला, पट्टी लावली.
दोन बोटं म्हणजे कुरणावरची ऐंशी पावलं,
झऱ्यासकट.

डॉन मेलितोन उठले. मधेच श्वास घेत म्हणाले,
"खडक मी हलवला होता.
चित्राला हवा होता म्हणून."
कोर्ट हसलं.
न्यायाधीश मायेनेच बोलले,
"वय झालंय आपलं.
कॅनव्हासची स्मृती अजून ताजी आहे."
मग मला विचारलं.
मागच्या बाकांवर माझं अख्खं गाव बसलं होतं,
टोप्या गुडघ्यावर ठेवून, पाणी मागत.
मी म्हणालो, होय.
खडक तिथेच होता, चित्रात आहे तिथेच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
एक डोळा मिटून.
अंगठा मात्र वर केला नाही.

पुढच्या सप्टेंबरात टपालगाडी आली, ते नाही.
नाताळच्या सुमारास एक फळी आली, हातभर,
चौकट नाही, सही नाही.
दाढ तिच्या खऱ्या जागी, झरा अर्धा झाकलेला.
डावीकडे, दोन बोटांवर,
रंगाखाली बुजवलेली एक फिकट आकृती.
बाटली असावी तिच्या काखेत. नसेलही.
चुलीच्या धुरात आता काही नीट दिसत नाही.
बायकोने फळी भिंतीकडे तोंड करून ठेवलीय,
मी ती कधी सरळ करतो, कधी नाही.

यंदा ऑगस्टात सगळं वाळून गेलं.
रोब्लेदियाचं एक पोरगं हद्दीवर कळप घेऊन उभं होतं,
मेंढ्यांच्या जिभा बाहेर.
मी झऱ्यापाशी बसलो होतो, पहाऱ्याला.
त्याने काही मागितलं नाही.
मी जरा सरकलो.
किती, ते मोजलं नाही.